भरला तलाव, रिकाम्या नळ्या

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, ओंटारिओ या पट्ट्यात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या ऑक्टोबरात एक सल्ला हमखास मिळतो. घराबरोबर परसातला पोहण्याचा तलावही पदरात पडलेला असतो, हवेत गारवा आलेला असतो, आणि दहा-वीस वर्षे आधी आलेले कोणी काका बजावून सांगतात, "सगळं पाणी काढून टाका. इथली थंडी म्हणजे पुण्याची थंडी नव्हे. पाणी गोठलं की फुगतं आणि फुगलं की भिंती फोडतं." शेजारचा अमेरिकन गृहस्थही पुष्कळदा मान डोलावतो, कारण त्याच्या वडिलांनी त्याला हेच सांगितलेले असते. शनिवारी पंप भाड्याने येतो, पाऊण लाख लिटर पाणी रस्त्याकडेच्या गटारात जाते आणि घरमालक निश्चिंत झोपतो.

तलाव ज्या थंडीत सुखरूप राहिला असता, त्याच थंडीत तो मोडण्याची सोय या माणसाने स्वतःच्या हाताने केलेली असते, असे माझे म्हणणे आहे. हिवाळ्यात तलाव भरलेला हवा. रिकाम्या करायच्या त्या त्याच्या नळ्या.

खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडायचा, ही आपल्या शास्त्रकारांची रीत. ती इथे पाळणे अवघड नाही, कारण हा पूर्वपक्ष अडाणी नाही. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे निर्विवाद आहे. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते, हे प्रत्येकाने पाहिले आहे. शिवाय सहा महिने साचून राहिलेले पाणी कुजणार, वसंतात ते फेकूनच द्यावे लागणार, मग आत्ताच का नको, हा प्रश्न काटकसरी माणसाला पटणारा आहे. आणि सर्वांत भारी पुरावा अनुभवाचा: "आम्ही पंधरा वर्षं रिकामा ठेवतो, कधी तडा गेला नाही."

बाटलीपासून सुरुवात करू. 'जिथे अग्नी तिथे धूर' हा नियम नैयायिकांनी का नाकारला, हे तर्कसंग्रह वाचलेल्या कोणालाही आठवेल. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओले सरपण लागते. ते ओले सरपण म्हणजे त्या नियमातली 'उपाधी', म्हणजे जिच्यावाचून नियम लंगडा पडतो अशी न सांगितलेली अट. 'जिथे पाणी गोठते तिथे भांडे फुटते' या नियमातही अशीच एक उपाधी दडलेली आहे: भांडे बंद असले पाहिजे. त्याच फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे वर्षानुवर्षे असतो. तो फुटत नाही. त्यातला बर्फ वरच्या बाजूला उंचवटा काढतो आणि विषय संपतो. वाढीव नऊ टक्क्यांना वर जायला वाट मिळाली की ते भिंतींशी भांडत बसत नाहीत. पोहण्याचा तलाव वरून उघडा असतो. त्याला बाटलीचा न्याय लावणे हा अतिव्याप्तीचा उघड दोष आहे.

पण तलाव तळापर्यंत गोठून एकसंध दगड झाला तर? तसे होत नाही, आणि का होत नाही हे आपण दहावीत 'पाण्याचे असंगत आचरण' या नावाखाली पाठ केलेले असते. होपच्या उपकरणाची आकृती काढून गुणही मिळवलेले असतात. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. थंडी वाढते तसे चार अंशांचे पाणी तळाशी बसते, त्याहून थंड पाणी हलके म्हणून वर राहते आणि बर्फ पृष्ठभागावर धरतो. एकदा तो धरला की खालच्या पाण्याची उष्णता त्या थरातूनच बाहेर पडू शकते, आणि थर जसा जाड होतो तसा तो स्वतःच पांघरुणाचे काम करू लागतो. योझेफ स्टेफान या व्हिएन्नाच्या पदार्थशास्त्रज्ञाने ध्रुवीय समुद्रांवरच्या बर्फाच्या नोंदी घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचे गणित मांडले. बर्फाची जाडी दुप्पट व्हायची तर साचलेली थंडी चौपट लागते.

आकड्यांनी पाहू. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, दीड मीटर खोल असा साधा सपाट तळाचा तलाव घेऊ. त्यात ७५ हजार लिटर, म्हणजे ७५ टन पाणी आहे. ते १५ अंशांवरून ४ अंशांवर येतानाच साडेनऊशे युनिट विजेइतकी उष्णता बाहेर टाकते. त्यावर दहा सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरायचा, तर अप्रकट उष्म्यापोटी आणखी सव्वाचारशे युनिट जायला हवेत. ही उष्णता हवेत जाते तशी भोवतालच्या मातीतही झिरपते. भरलेला तलाव म्हणजे अंगणात पुरलेली मंद शेगडीच. तिचे महत्त्व पुढे मातीकडे वळलो की कळेल.

पूर्वपक्षाचा एक सूक्ष्म आक्षेप उरतो, आणि तो टाळून चालणार नाही. बर्फाचा थर एकदा काठाला चिकटला की तापमानाच्या चढउतारांनी तो आडवाही प्रसरण पावतो. दहा मीटर लांबीचा थर दहा अंशांनी तापला तर सुमारे पाच मिलिमीटर वाढेल. हे खरे आहे. मोठ्या धरणांच्या भिंती बांधताना उत्तरेकडचे अभियंते हा रेटा हिशेबात धरतात. पण परसातल्या तलावाच्या भिंतीला बाहेरून गोठलेल्या, घट्ट मातीची पाठ असते. आतला रेटा आणि बाहेरचा रेटा एकमेकांना तोलतात. नुकसान होते ते काठाच्या टाइल्सचे. बर्फ त्यांना चिकटतो आणि हलताना सोबत सोलून नेतो. म्हणून पाण्याची पातळी टाइलच्या पट्टीखाली उतरवणे रास्त आहे. ते काम सहा इंचांचे आहे, सहा फुटांचे नव्हे. जमिनीवर उभ्या केलेल्या, पत्र्याच्या पातळ भिंतीच्या गोल हौदांना मात्र पाठीशी माती नसते. तिथे आच्छादनाखाली हवेची उशी तरंगती ठेवतात, म्हणजे थराला मध्येच दबायला जागा मिळते. तेवढ्यापुरता आक्षेप मान्य.

आता मंडनाकडे. तलाव रिकामा ठेवणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: हा तलाव जमिनीत टिकून कशामुळे आहे? बहुतेकांना वाटते, त्याच्या स्वतःच्या वजनामुळे. आपल्या नमुन्याच्या तलावाचा तळ आणि भिंती पंधरा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या आहेत असे धरले तर सगळ्या कवचाचे वजन चौतीस टनांच्या आसपास भरते. भक्कम वाटते. पण जमिनीखालचे पाणी तळापेक्षा एक मीटर वर चढले की आर्किमिडीजच्या नियमाने त्या कवचाला खालून किमान पन्नास टनांचे प्लावक बल मिळते. चौतीस विरुद्ध पन्नास. भोवतालच्या मातीचे घर्षण थोडा वेळ धरून ठेवील, पण भिजलेल्या मातीवर किती विसंबायचे? आत ७५ टन पाणी असते तर एकूण वजन १०९ टन झाले असते, आणि भूजल अगदी काठापर्यंत आले तरी तलाव हलला नसता. जे पाणी आपण शत्रू म्हणून हाकलले तेच नांगर टाकून बसले होते.

हे सगळे मराठी माणसाला परके वाटायचे कारण नाही. मुंबई-ठाण्याच्या बांधकामांवर मुरलेला कोणताही ठेकेदार जमिनीखालची नवी पाण्याची टाकी रिकामी ठेवून पावसाळ्याला सामोरा जात नाही. मृगाआधी तो तिच्यात पाणी भरून ठेवतो. त्याला प्लावक बलाचे सूत्र येत असो वा नसो, टाकी वर येते हे त्याने पाहिलेले असते. त्याचाच मुलगा शिकून न्यू जर्सीत एडिसनला घर घेतो आणि तिथे मात्र वडिलांच्या साइटवरचे शहाणपण विसरून तलाव उपसतो, याची मला गंमत वाटते. कदाचित बर्फाची भीती इतकी नवी आणि इतकी मोठी असते की तिच्यापुढे चिखलाची जुनी भीती आठवतच नाही.

सगळेच तलाव काँक्रीटचे नसतात, आणि इतरांची गत याहून वाईट. फायबरग्लासचे कवच काँक्रीटच्या मानाने कागदी होडीइतके हलके. ते वर येते, वाकते, आत पोट काढते. विनाइल लायनरच्या तलावात तर कवच असे नसतेच. लोखंडी किंवा पॉलिमरच्या पत्र्यांच्या भिंती, त्यांवर ताणलेले विनाइलचे अस्तर, आणि सगळ्यांना जागेवर दाबून धरणारे पाणी. पाणी काढले की बाहेरची माती पत्रे आत रेटते, अस्तराखाली भूजल शिरून ते फुग्यासारखे उचलले जाते, आणि उघडे पडलेले जुने विनाइल थंडीत आखडून ताठ होते. वसंतात पुन्हा पाणी भरताना ते कोपऱ्यांत ताणून बसत नाही, फाटते. नवे अस्तर घालण्याचा खर्च ज्यांनी सोसला आहे त्यांना यावर अधिक सांगायला नको.

यावर जाणकार प्रतिवादी म्हणेल, "काँक्रीटच्या तलावाच्या तळाला यासाठीच तर झडप असते." असते. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की ती उघडून भूजल आत घेते. पण ती झडप गाळाने, चुन्याच्या खपल्यांनी, मुळांनी तुंबू शकते, आणि ती चालू आहे की नाही हे भरलेल्या तलावात कधी कोणी तपासत नाही. शिवाय तिचा युक्तिवाद माझ्याच बाजूचा आहे. ती झडप काय करते? रिकाम्या तलावात पाणी भरते.

आता माती. पाणी फुगून जमीन उचलते, हीच समजूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अभियंत्यांचीही होती. थंडीत रस्ते का वर येतात, या प्रश्नाला सगळे 'नऊ टक्के' हेच उत्तर देत. साउथ कॅरोलिनातले भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९२९-३०च्या सुमारास हे उत्तर प्रयोगाने खोटे पाडले. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन आणि नायट्रोबेंझीन घातले. हे द्रव गोठताना फुगत नाहीत, उलट आकसतात. तरीही माती उचलली गेली. म्हणजे उचलणारी शक्ती फुगण्यात नव्हती. बारीक कणांच्या मातीत गोठणरेषेकडे खालून ओलावा ओढला जातो, तिथे बर्फाच्या चकत्या साठत जातात आणि त्या जमिनीला ढकलतात. ओलावा मिळत राहील तोवर हे चालू राहते, आणि ढकलण्याची दिशा थंडीच्या दिशेने, म्हणजे थंड पृष्ठभागाकडे असते.

याचा तलावाशी संबंध थेट आहे. टोरांटोच्या भागात पाया चार फूट खोल न्यावा लागतो, कारण माती वरून तितकी गोठू शकते. भरलेल्या तलावाच्या भिंतीमागची माती वरून गोठते, पण बाजूने तिला शून्य ते चार अंशांच्या पाण्याचा शेजार असतो. ती मघाची शेगडी हीच. तलाव रिकामा केला की उणे पंधराची हवा थेट तळाला आणि भिंतीला भिडते. आता माती तलावाच्या बाजूनेही गोठू लागते, चकत्या काँक्रीटच्या पाठीमागे आणि तळाखाली धरतात आणि आतल्या मोकळ्या पोकळीकडे ढकलू लागतात. तिथे त्यांना अडवायला पाणी नसते. ज्या गोठण्याच्या भयाने तलाव उपसला, ते गोठणे पृष्ठभागावरून काढून पायाखाली आणून ठेवले.

मग पंधरा वर्षे काही झाले नाही, त्याचे काय? ते घर उतारावर असेल, खाली वाळू असेल, भूजल खोल असेल. अशा जागी रिकामा तलावही पुष्कळ काळ टिकतो. पण अनुभवाने सिद्ध झाले ते त्या जमिनीचे कोरडेपण, त्या सल्ल्याचे खरेपण नव्हे. तोच काका तोच सल्ला सखल भागातल्या चिकणमातीवर राहणाऱ्या भाच्याला देतो तेव्हा पंधरा वर्षांची पुण्याई तिथे कामी येत नाही. त्यातही घात बहुधा जानेवारीत होत नाही. तो मार्च-एप्रिलमध्ये होतो, बर्फ वितळून वर पाऊस पडतो आणि भूजल वर्षातल्या सर्वांत उंच पातळीला येते तेव्हा. तोवर घरमालकाने 'थंडी निभावली' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो, म्हणून त्याला थंडी आणि तडा यांचा संबंध लागत नाही आणि दोष कंत्राटदाराच्या माथी जातो.

काही समंजस लोक सुवर्णमध्य काढतात: अर्धा उपसावा. वादात सुवर्णमध्य शोभतो, भारतोलनात नाही. अर्ध्या पाण्याने अर्धा नांगर उरतो आणि वरचा अर्धा भाग उघडा पडतो. शिवाय एका गोष्टीकडे या मंडळींचे लक्ष नसते. तलावावर ताणून बांधलेले सुरक्षा-आच्छादन बर्फाचा भार एकट्याने पेलत नाही. भार वाढला की ते खाली झुकते आणि खालच्या पाण्यावर टेकते. उरलेले वजन पाणी उचलते. ओला बर्फ फूटभर पडला तर आपल्या नमुन्याच्या तलावावर चार-पाच टन भार सहज येतो. पाणी हातभर खोल गेलेले असेल तर आच्छादनाला टेकायला काही नाही. पट्टे तुटतात, काठातले खुंटे उपटतात. ही केवळ वस्तूच्या नुकसानीची गोष्ट नाही. या आच्छादनांसाठी अमेरिकेत जो मानदंड आहे तो ४८५ पौंड वजन पेलण्याची अट घालतो, म्हणजे पडलेले मूल आणि त्याला काढायला धावलेली दोन मोठी माणसे या तिघांचे मिळून. लूप-लॉक या कंपनीने आच्छादनावर हत्ती उभा करून जाहिरात केली ती याच भरवशाची. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचे पहिले कारण बुडणे हे आहे. फाटक्या आच्छादनाखालचा अर्धा भरलेला, निसरडा, अंधारा खड्डा परसात सहा महिने ठेवणे कोणत्या अर्थाने मध्यममार्ग आहे?

इतके झाल्यावर पूर्वपक्षाची बाटली त्याला सन्मानाने परत केली पाहिजे, कारण तिची जागा आहे. ती जागा तलावात नाही, तलावाच्या नळ्यांत आहे. नळ्या, पंपाची भांडी, फिल्टर, हीटरची तांब्याची वेटोळी ही सगळी बंद भांडी. इथे उपाधी पुरी होते आणि नियम निष्ठुरपणे लागू पडतो. शून्याखाली एकच अंश तापमानाला बर्फाची वाढ पूर्ण रोखून धरायची, तर सुमारे १३० वातावरणांचा दाब सोसावा लागेल. परसातल्या तलावांना सर्रास वापरतात ती दोन इंची पीव्हीसी नळी खोलीच्या तापमानाला साधारण १९ वातावरणांसाठी प्रमाणित असते, आणि थंडीत पीव्हीसी ठिसूळ होते ते वेगळेच. आणखी एक चकवा आहे. नळी पुष्कळदा जिथे बर्फ धरला तिथे फुटत नाही. बर्फाचे बूच वाढत जाताना पुढच्या बंद टोकापर्यंत कोंडलेले पाणी दाबते, आणि नळी त्या न गोठलेल्या पाण्याच्या दाबाने फुटते. म्हणून 'एवढासा भाग तर उघड्यावर आहे' हे समाधान फसवे.

२०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये याचा राज्यभर पडताळा आला. तिथे तलाव हिवाळ्यात बंद करण्याची पद्धतच नाही. पारा उतरला की पंप आपोआप सुरू होतो आणि वाहते पाणी गोठत नाही, या भरवशावर सगळे चालते. शीतलहरीत वीज गेली, पंप थांबले, आणि पंप, फिल्टर, हीटर, जोडनळ्या यांचे इतके नुकसान झाले की पुढे कित्येक महिने सुटे भाग मिळेनात. तलाव मात्र भरलेलेच होते, आणि मोडतोडीची तक्रार होती ती यंत्रसामग्रीची. पूर्वपक्ष खरा असता तर चित्र उलटे दिसायला हवे होते.

तेव्हा कष्ट करायचे ते इथे. पाणी स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरची पाने ओढून घेणाऱ्या काठातल्या पेटीच्या, तोंडाखाली उतरवायचे. मग ब्लोअरने किंवा दमदार शॉप व्हॅकने नळ्यांत हवा सोडायची. दाब जोराचा नको, हवा भरपूर हवी. गॅरेजमधला टायरचा कॉम्प्रेसर जपूनच, कारण त्याच्या दाबाने सांधे सुटू शकतात. परतीच्या तोंडांतून आधी पाणी, मग फवारा, मग नुसती हवा येऊ लागली की एकेक तोंड रबरी बुचाने बंद करायचे. तळाच्या जाळीची नळी पाण्याखालीच असते, ती कोरडी कशी होणार, असे विचारतात. तिच्यातून बुडबुडे येईपर्यंत हवा रेटायची आणि हवा चालू असतानाच यंत्राजवळची झडप बंद करायची. कोंडलेली हवा पाण्याला वर येऊ देत नाही. पंपाच्या पोटाखालची बुचे उघडून तीच पंपाच्या जाळीत टाकून ठेवावीत, म्हणजे एप्रिलमध्ये शोधाशोध होत नाही. स्किमर हा प्लास्टिकचा अरुंद गळा. त्यात पाऊस-बर्फाचे पाणी साचतेच, म्हणून त्यात दबणारी पोकळ नळी किंवा थोडे वजन घातलेली प्लास्टिकची रिकामी बाटली उभी ठेवतात. बर्फ तिला चेपतो आणि गळा वाचतो. आता बाटली पूर्वपक्षाच्या ऐवजी आमच्या बाजूने साक्ष देते.

गोठणरोधक द्रव ओतून हवेची कटकट टाळणारेही आहेत. पाणी न काढता ओतलेला द्रव विरळ होतो आणि विरळ झाला की त्याचा गोठणांक वर येतो. हवा मारून झाल्यावर, जिथे खात्री नाही तिथे तो जरूर घालावा, पण प्रॉपिलीन ग्लायकॉलचा. गाडीतल्या एथिलीन ग्लायकॉलचा नव्हे, तो विषारी असतो.

राहता राहिला कुजण्याचा मुद्दा. पाणी कुजते ते थंडीमुळे नव्हे, घाईमुळे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की तलाव झाकायचा, हा तिथला रिवाज. तेव्हा पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असते. गणपती यायचे असतात, बसलेले असतात किंवा जेमतेम उठलेले असतात, शेवाळाचा हंगाम ऐन भरात असतो, आणि आपण त्यावर झाकण ठेवून पंप बंद करतो. एप्रिलमध्ये हिरवा रस्सा निघाला तर नवल काय? कॅलेंडर बाजूला ठेवून थर्मामीटर बघावा. पाणी पंधरा-सोळा अंशांखाली स्थिरावले, म्हणजे न्यू जर्सीत साधारण कोजागिरीच्या मागेपुढे, की शेवाळाचा जोर ओसरतो. तेव्हा क्लोरीनची मात्रा देऊन, पाने काढून झाकलेले पाणी वसंतात बहुधा स्वच्छच निघते.

स्वच्छतेपेक्षा सूक्ष्म एक बाब आहे, आणि तिच्याकडे पाणी भरून ठेवणारे आमच्या पक्षाचे लोकही दुर्लक्ष करतात. बर्कलीचे प्राध्यापक विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ साली पाण्याची 'भूक' मोजण्याचा निर्देशांक मांडला. शहरांच्या नळांत चुना धरेल की नळ झिजतील, हे ठरवण्यासाठी तो होता. तलाववाल्यांनी तो पुढे उचलला. कॅल्शियम कार्बोनेटने तृप्त नसलेले पाणी प्लास्टरमधून आणि टाइलच्या सांध्यांतून ते ओढून घेते. साखरेच्या उलट, हा क्षार गार पाण्यात अधिक विरघळतो. उन्हाळ्यात तोललेले पाणी शून्याजवळ आले की नुसत्या तापमानामुळे त्याचा निर्देशांक सुमारे ०.६ ने खाली जातो आणि तेच पाणी सहा महिने प्लास्टर खात बसते. म्हणून काँक्रीटच्या तलावात बंद करताना कॅल्शियमचा कठीणपणा आणि क्षारता नेहमीच्या मर्यादेच्या वरच्या अंगाला ठेवावी, सामू ७.६ च्या जवळ असावा. पाणी ठेवायचे म्हणजे नीट ठेवायचे. एरवी प्रतिवादी प्लास्टरवरचा खडबडीतपणा दाखवून 'बघा, पाणी ठेवल्याचे फळ' म्हणायला मोकळा.

तलाव कधीच उपसू नये, असा माझा सिद्धान्त नाही. मुलांसाठी आणलेले हवा भरायचे किंवा उचलून ठेवता येणारे हौद रिकामे करून, वाळवून, घडी घालून ठेवावेत. त्यांना नांगर लागत नाही, त्यांना कपाट लागते. प्लास्टर नव्याने करायचे असेल तर उपसण्याला इलाज नाही, पण ते काम कोरड्या हंगामात, तळाची झडप उघडून, बाजूला खड्डा घेऊन भूजल पंपाने उतरवत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली होते. आणि उपसलेच, तरी क्लोरीन असलेले पाणी थेट पावसाच्या गटारात सोडणे अनेक गावांत निषिद्ध आहे, कारण ती गटारे ओढ्यांना मिळतात आणि क्लोरीनने मासे मरतात.

ज्यांनी पाणी न झिरपणाऱ्या कापडाचे आच्छादन घातले आहे त्यांच्यासाठी एक शेवटची सूचना. त्यावर साचणारे पावसाचे पाणी काढायला छोटा पंप ठेवतात, तो पाणी लागले की आपोआप सुरू होतो. आच्छादनाला कुठे बोटाएवढे भोक पडले असेल तर तलावातले पाणी त्यातून वर येते आणि तो पंप तेही इमानेइतबारे बाहेर टाकत राहतो. वर पाणी दिसते, पंप चालतो, सगळे ठीक वाटते. आणि ऑक्टोबरात आपण जे करायचे नाकारले ते फेब्रुवारीपर्यंत पंपाने पार पाडलेले असते. म्हणून महिन्यातून एकदा आच्छादनाची कड उचलून पाणी काठाच्या किती खाली आहे ते पट्टीने मोजावे, आणि हातभर उतरलेले दिसले तर आधी पंप बंद करून बागेची नळी तलावात सोडावी.